लखनौच्या लग्नात राजपूती पोशाख निवडताना

लग्नाची पत्रिका हातात पडली की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘नेसायचं काय?’ लग्न पुण्याचं किंवा नागपूरचं असेल तर उत्तर कपाटातच असतं. पैठणी काढायची, ब्लाऊज अजून बसतो का ते बघायचं आणि नथ कुठल्या डबीत ठेवली ते आठवायचं. पण समजा, पत्रिका लखनौची आहे. भाचीचं लग्न तिथल्या ठाकूर म्हणजे राजपूत घराण्यात ठरलंय. आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आलाय, ‘बारातीच्या रात्री सगळ्यांनी राजपूती पोशाखात यायचं!’

मग काय, घरातल्या सगळ्यांची बोटं मोबाइलवर फिरू लागतात. ‘राजपूती लेहंगा’ असं लिहिलं की लाल, केशरी, राणी रंगाचे शेकडो फोटो समोर येतात. सगळेच ‘रॉयल’, सगळेच चमचमते. त्यातला एक पटकन मागवून मोकळं व्हावं असं वाटतं आणि नेमकी तिथेच चूक होते.

राजपूती पोशाख म्हणजे फक्त झगमगाट नाही. त्यातला रंग, ओढणीवरची नक्षी, कपाळावरचा दागिना हे सगळं घालणाऱ्या बाईबद्दल काही ना काही सांगत असतं. आपल्याकडे हिरवा चुडा किंवा मुंडावळ्या बघितल्या की काही विचारावं लागत नाही, तसंच. म्हणून निवड दुकानापासून नको, नात्यापासून सुरू करा. लग्न कोणाच्या घरचं आहे, तुमचं नातं काय आणि तुम्ही अंगावर जे घालणार ते काय सांगतं, एवढं कळलं की खरेदी सोपी होते आणि खर्चही आटोक्यात राहतो.

आधी फोन, मग खरेदी

पहिली गोष्ट लक्षात घ्या. लखनौ राजस्थानात नाही, अवधमध्ये आहे. इथली ठाकूर घराणी राजपूतच, पण त्यांच्या लग्नातले जुने कपडे जोधपूर-जयपूरसारखे असतीलच असं नाही. अवधच्या घरांमध्ये थोरल्या बायका लग्नात बनारसी साडी नेसतात, तीही ‘सीधा पल्ला’ पद्धतीने, म्हणजे पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे घेऊन. नवरीच्या विधींमध्ये ‘पियरी’ला मान असतो. पियरी म्हणजे हळदीच्या पिवळ्या रंगाची साडी. नवरदेवाच्या डोक्याला ‘मौर’ बांधतात. ही पियरी पाहिल्यावर तुम्हाला आपल्या नवरीची, मामाकडून येणारी पिवळी अष्टपुत्री आठवेल आणि मौर पाहून मुंडावळ्या.

आता हेही खरं की चित्रपट, मालिका आणि राजस्थानशी जुळलेल्या सोयरिकींमुळे राजस्थानी पोशाख उत्तर प्रदेशातल्या राजपूत लग्नांमध्येही दिसतो. काही घरांत सून राजस्थानातून आलेली असते, तर काही घरांत तरुण मुली हौसेने तो घालतात. म्हणून ‘राजपूती पोशाख’ या दोन शब्दांचा त्या घरातला अर्थ विचारून घेणं सगळ्यात महत्त्वाचं.

यात संकोच कसला? नवरीची आई म्हणजे तुमची बहीण किंवा नणंद असेल तर तिलाच सांगा, विहीणबाईंना एक फोन करायला. ‘विहीणबाई, हळदीला, बारातीला आणि फेऱ्यांना तुमच्याकडे बायका काय नेसतात? आमच्याकडून काही चुकायला नको,’ एवढं विचारलं तरी पुरे. विचारल्याने मान कमी होत नाही, उलट समोरच्या घराला बरं वाटतं. बहुतेक वेळा उत्तरासोबत त्यांच्या घरातल्या एखाद्या जुन्या लग्नाचे फोटोही येतात. त्या फोटोंसारखं मार्गदर्शन कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

पोशाख म्हणजे नेमकं काय?

मराठीत आपण कुठल्याही कपड्यांना पोशाख म्हणतो. राजस्थानी राजपूत घरात मात्र बाईच्या संदर्भात ‘पोशाक’ म्हटलं की चार कपड्यांचा ठरलेला संच डोळ्यांसमोर येतो.

कांचळी : आतून घालायची आखूड, बाह्यांची चोळी. जुन्या पद्धतीत ती पाठीवर नाड्यांनी बांधतात.

कुर्ती : कांचळीवर घालायची, बिनबाह्यांची, कमरेखाली येणारी. गळा खोल असतो, म्हणून आतली कांचळी दिसते आणि दोन्हींचं काम एकमेकांना शोभेल असं करतात.

लेहंगा किंवा घाघरा : कळ्या जोडून शिवलेला. कळ्या जितक्या जास्त तितका घेर मोठा. ८० कळ्यांच्या घाघऱ्याची तर राजस्थानात ख्याती आहे.

ओढणी : तिकडचा शब्द ‘ओढना’. साध्या दुपट्ट्यापेक्षा ती लांब-रुंद असते. एक टोक कमरेला खोचायचं, मागून डोक्यावर घ्यायची आणि दुसरं टोक पुढे सोडायचं.

दुकानात ‘राजपूती’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक लेहंगा पोशाख नसतो. आखूड चोळी, घेरदार लेहंगा आणि जाळीचा दुपट्टा असा संच सुंदर असेल, पण त्यात कुर्ती नसेल आणि ओढणी डोक्यावरून नीट येत नसेल तर तो साधा लेहंगाच आहे. घ्यायला हरकत नाही, फक्त पोशाख समजून जास्त पैसे मोजू नका.

आणखी एक. अनेक घराण्यांमध्ये कुर्ती-कांचळी हा विवाहितेचा पोशाख समजला जातो. तुमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी घेत असाल तर तेवढं विचारून घ्या. लांब बाह्यांची कुर्ती, लेहंगा आणि बांधणीची ओढणी तिला शोभेलही आणि कुणाच्या भुवयाही उंचावणार नाहीत.

रंग बोलतात, ऐकून घ्या

राजस्थानी ओढण्यांचे रंग आणि नक्षी ऋतूंप्रमाणे, प्रसंगांप्रमाणे बदलतात. फोटोत फक्त ‘सुंदर’ दिसणारी ओढणी प्रत्यक्षात काहीतरी वेगळंच सांगत असू शकते.

उदाहरण द्यायचं तर ‘पीळा’ किंवा ‘पीलिया’. पिवळ्या जमिनीवर लाल काठ आणि मध्ये मोठं लाल वर्तुळ असलेली ही ओढणी बाळंत झालेल्या लेकीला माहेरहून येते. ती आईपणाची ओढणी. हळदीला पिवळं हवं म्हणून लग्न न झालेल्या मुलीसाठी नेमकी हीच मागवली तर तिथल्या बायका गालात हसतील. हळदीसाठी साधी पिवळी किंवा पिवळी-हिरवी ओढणी घ्या.

‘फागणिया’ ही पांढऱ्या जमिनीवर लाल रंगाची ओढणी फाल्गुनात, होळीच्या दिवसांत घेतात. ‘लहरिया’ म्हणजे तिरप्या लाटांची नक्षी. ती श्रावणाची, तीजेची खास. लाटा एकमेकींना छेदून चौकटी झाल्या की तिला ‘मोठडा’ म्हणतात. लग्नात लहरिया चालतो, संगीताच्या संध्याकाळी तर तो खुलून दिसतो. आणि लाल चुनरी? ती भावाने बहिणीला द्यायची. राजस्थानात बहिणीच्या मुलांच्या लग्नात भाऊ ‘मायरा’ घेऊन येतो आणि तिला चुनरी पांघरतो. आपल्याकडे मामाचा मान असतो तसाच हा सोहळा.

मुख्य विधींच्या वेळी काळा रंग टाळा, हे आपल्यालाही नवं नाही. नवरीचा भरजरी लाल रंगही तिलाच राहू द्या. पाहुण्यांनी राणी, केशरी, हिरवा, जांभळा, मोरपंखी यांतून निवडावं. पांढऱ्याशुभ्र कपड्यांबाबत थोडी सावधगिरी हवी. लखनौला जाऊन चिकनचा शुभ्र कुर्ता घेण्याचा मोह होतोच, घ्याही. पण तो दुपारच्या मेंदीला, निवांत गप्पांना घाला. फेऱ्यांच्या वेळी घरातल्या आजीला पांढरा रंग खटकू शकतो.

रात्रीचं लग्न आणि लखनौची थंडी

आपलं लग्न बहुधा दिवसा असतं. मुहूर्त गाठायचा, अक्षता टाकायच्या, जेवायचं आणि संध्याकाळी वरात. तिकडे क्रम उलटा. बारात लग्नाआधी येते, तीही संध्याकाळी उशिरा. मग दाराशी द्वारचार, स्टेजवर जयमाल, जेवणं आणि त्यानंतर मध्यरात्री फेरे. विदाई होते तेव्हा कधी कधी पूर्वेला उजाडलेलं असतं. म्हणजे तुम्ही निवडलेला पोशाख आठ-दहा तास अंगावर राहणार आहे. त्यातला बराच वेळ उघड्या लॉनवर.

उत्तर भारतात डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत खरमास असतो, तेव्हा लग्नं होत नाहीत. पण त्याच्या आधी आणि नंतर मुहूर्तांची गर्दी उडते आणि नेमकी हीच लखनौची थंडी. जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली जाणं तिथे नेहमीचं. धुकं पडलं की गाड्याही तासन्‌तास उशिरा धावतात. म्हणून बारातीचे कपडे मोठ्या बॅगेत नको, जवळच्या बॅगेत ठेवा.

थंडीत शिफॉनची कुर्ती घालून तुम्ही दोन तासांत शेकोटी शोधायला लागाल. हिवाळ्यातल्या लग्नाला मखमल, साटन किंवा जाड रेशमाचा पोशाख घ्या. कांचळीच्या बाह्या पूर्ण लांबीच्या शिवून घ्या. लेहंग्याच्या आत गरम पायजमा घातला तर कुणालाही कळत नाही. भरजरी ओढणीवर स्वेटर चढवण्यापेक्षा तिच्याच रंगाची लोकरी शाल जवळ ठेवा.

एप्रिल ते जूनमधलं लग्न असेल तर सगळं उलट. तेव्हा दिवसाचं तापमान चाळीसच्या पुढे जातं. जॉर्जेट, शिफॉन किंवा मलमलीवरची बांधणी निवडा आणि जड जरीकाम फक्त काठापुरतं ठेवा.

लेहंगा घेण्याआधी दुकानात तो घालून मांडी घालून बसून बघा, दोन जिने चढून बघा. मांडवात जमिनीवर बसावं लागतं, हे आरशासमोर उभं असताना आठवत नाही.

लखनौच्या गल्ल्यांतली कारागिरी

पोशाखावरचं काम ओळखता आलं की फसवणूक टळते. मुख्य प्रकार तीन.

पहिलं गोटा-पट्टी. हे राजस्थानचं खास काम. पूर्वी सोन्या-चांदीच्या तारांनी विणलेल्या फितीचे तुकडे घडी घालून पानं-फुलं करत आणि कापडावर टाचत. आज बहुतेक गोटा चमकदार प्लास्टिकच्या पट्टीपासून बनतो. तो हलका, स्वस्त आणि काळा न पडणारा असतो, त्यामुळे वाईट मुळीच नाही. फक्त त्याला जुन्या गोट्याचा भाव देऊ नका आणि त्यावर गरम इस्त्री फिरवू नका, वितळेल.

दुसरं जरदोजी. हे लखनौचं स्वतःचं बलस्थान. लाकडी चौकटीवर म्हणजे कारचोबावर कापड ताणून बसवतात आणि त्याच्या भोवती बसून कारागीर दबका, नक्षी, सलमा-सितारे टाचतात. लखनौच्या जरदोजीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तर इथल्या चिकनकारीला ते २००८ मध्येच मिळालं होतं. हाताची जरदोजी ओळखायची तर कापड उलटं करून बघा. मागे टाके सारखे नसतात, गाठी दिसतात. मशिनचं काम मागूनही एकसारखं, आखीवरेखीव असतं.

तिसरं कामदानी किंवा मुकैश. चपटी धातूची तार कापडात ओवून, दाबून चमकते ठिपके बनवतात. शिफॉनच्या ओढणीवर ते रात्रीच्या दिव्यांत चांदण्यासारखं दिसतं आणि वजनही फारसं वाढत नाही. पोशाख राजस्थानी आणि ओढणीवर लखनवी मुकैश, अशी जोडी लखनौच्या लग्नात फार शोभून दिसते.

बांधणी आणि लहरियाचीही छोटी परीक्षा आहे. खऱ्या बांधणीचं कापड किंचित चुरगळलेलं, उंचसखल लागतं, कारण ते दोऱ्याने बांधून रंगवलेलं असतं. ठिपके एकसारखे नसतात. छापील बांधणी सपाट असते आणि बऱ्याचदा मागच्या बाजूने फिकी दिसते.

लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचणार असाल तर चौक आणि अमीनाबाद या दोन बाजारांसाठी एक दिवस राखून ठेवा. चौकात चिकन आणि जरदोजी बघा. अमीनाबादला काठ, लेस, बटणं, ओढण्या मिळतात आणि तिथल्याच ‘गडबडझाला’ नावाच्या बाजारात बांगड्या व खोट्या दागिन्यांची रेलचेल असते. मात्र जरदोजीचं काम ऐनवेळी करून मिळत नाही. नक्षी भरून हवी असेल तर काही आठवडे आधी सांगावं लागतं.

बाजारात तुम्हाला लांब घेराचा, जमिनीवर लोळणारा फर्शी गरारा किंवा शरारा ‘शाही’ म्हणून दाखवतील. तो नबाबी लखनौचा देखणा वारसा आहे. संगीताला जरूर घाला. पण ‘राजपूती पोशाख’ सांगितलेल्या रात्री तो वेगळ्याच घराण्याची गोष्ट सांगेल.

दागिने मोजकेच, पण नेमके

कपाळावरचा गोल ‘बोरला’ किंवा ‘रखडी’, गळ्यात ‘आड’ किंवा ‘तिमणिया’, दंडावर बाजूबंद, हाताच्या पाठीवर हथफूल, पायात पैंजण. यादी मोठी आहे, पण सगळं एकाच वेळी नवरीच घालते. पाहुण्यांनी एक दागिना ठळक ठेवावा, बाकीचे हलके.

रखडी अनेक घरांत सुवासिनीचं लेणं मानतात. लग्न न झालेल्या मुलींना साधी बिंदी किंवा मांगटिका पुरे. पूर्वी राजपूत नवरीच्या हातात हस्तिदंती चुडा असे. आता हस्तिदंताच्या व्यापारावर कायद्याने बंदी आहे आणि बाजारात लाखेचे किंवा प्लास्टिकचे चुडे मिळतात. कुणी ‘अस्सल हस्तिदंत’ म्हणून काही दाखवलं तर सरळ पुढे चालू लागा.

आपली मोत्यांची नथ राजपूती नथीपेक्षा वेगळी दिसते. तिकडची नथ गोल कड्यासारखी, मोत्यांच्या साखळीने केसांत अडकवलेली. तरीही पोशाखावर मराठी नथ घातली तर बिघडत नाही. उलट, ‘ही नथ कुठली हो?’ या प्रश्नापासून किती तरी ओळखी होतात.

पुरुषांचं काय?

घरातल्या पुरुषांचा प्रश्न सहसा शेवटच्या आठवड्यात आठवतो. त्यांच्यासाठी तीन सोपे पर्याय आहेत.

बंदगळ्याचा जोधपुरी कोट सगळ्यात सोयीचा. तो लग्नानंतरही वापरता येतो. त्याच्यासोबतची घोट्याकडे निमुळती होणारी जोधपुरी विजार जगाला दाखवली ती जोधपूरच्या सर प्रताप सिंह यांनी. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाला ते इंग्लंडला गेले आणि त्यांची घोडेस्वारीची विजार तिकडे गाजली. दुसरा पर्याय अचकन. ती शेरवानीपेक्षा हलकी आणि अंगाबरोबर बसणारी. तिसरा अंगरखा. हा शब्द तर आपलाच वाटतो. मराठा, राजपूत आणि लखनवी, तिन्ही दरबारांत अंगरखा होता. घरातल्या तरुण मुलाला हळदीसाठी सुती अंगरखा घ्या, उठून दिसेल.

साफा हा मानाचा विषय. बांधायचं कापड सुमारे नऊ मीटर लांब असतं आणि तो बांधून द्यायला लग्नघरात सहसा माणूस बोलावलेला असतो. रंग यजमानांनी ठरवलेला असेल तर तोच घ्या. स्वतः निवडणार असाल तर केशरी, गुलाबी, पंचरंगी किंवा लहरिया. पांढरा आणि खाकी साफा टाळा, राजस्थानी घरांत ते दुखवट्याचे रंग समजतात. फेटा बांधण्याची सवय असलेल्या काकांनी आपला कोल्हापुरी फेटा बांधला तरी कौतुकच होईल. मात्र बांधलेला साफा पंगतीत टेबलावर किंवा खुर्चीवर टाकून देऊ नका. तो तिकडे माणसाच्या इभ्रतीइतका जपतात. आणि फोटोसाठी नवरदेवाची तलवार मागण्याआधी घरातल्या थोरांना विचारा. ती खेळणं नसते.

मुलं आणि आजी-आजोबा

लहान मुलींच्या लेहंग्याला आतून मऊ सुती अस्तर हवंच. जर टोचली की मूल रडतं आणि आईची रात्र जाते. ओढणी शिवून टाका म्हणजे पायात येणार नाही. मुलांना साफा डोक्यावर बांधण्याऐवजी तयार, टोपीसारखा मिळतो तो घ्या.

आजीला पोशाखाचा आग्रह करू नका. तिची रेशमी साडी आणि डोक्यावर पदर यात अवधची थोरली बाई तिला लगेच आपल्यातली मानेल.

पैठणी नेसली तर चालेल?

या सगळ्यात एक प्रश्न मनात राहतोच. आपण मराठी, मग राजपूती कपडे घालून सोंग घेतल्यासारखं वाटणार नाही ना?

या प्रश्नाचं उत्तर इतिहासातल्या दोन लग्नांमध्ये सापडतं. ठाकूर महेंद्र सिंह यांची राजपूत कन्या लेखा दिव्येश्वरी लखनौच्या इसाबेला थॉबर्न कॉलेजात शिकली. १९४१ मध्ये तिचं लग्न ग्वाल्हेरच्या जिवाजीराव शिंदे यांच्याशी झालं. मराठा घराण्याच्या रीतीप्रमाणे तिचं नाव बदललं. त्याच विजयाराजे शिंदे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४० मध्ये, गायत्री देवींचं लग्न जयपूरचे महाराज सवाई मानसिंह दुसरे यांच्याशी झालं. गायत्री देवींची आई इंदिराराजे म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी, जन्माने मराठी. एक राजपूत मुलगी मराठा घरात आली आणि एका मराठी घराची नात राजपूत घरात गेली.

गायत्री देवींचं नाव घेतलं की लोकांना आठवतो तो जड पोशाख नाही, तर डोक्यावरून घेतलेला शिफॉन साडीचा हलका पदर. शिफॉनच्या साड्यांची आवड त्यांच्या आईचीच. आज राजपूत बायकांच्या कपाटात शिफॉनची साडी पोशाखाइतकीच घरची झाली आहे. मराठी माहेराची आवड राजपूत घरात अशी रुजते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

म्हणून असं करा. यजमानांनी ज्या एका रात्री पोशाख सांगितलाय, त्या रात्री त्यांचा शब्द राखा. बाकीच्या कार्यक्रमांना आपलं घेऊन जा. टिळ्याला किंवा दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला पैठणी नेसा, नऊवारी येत असेल तर नऊवारी. नवरीच्या आईने तर एका मुख्य विधीला आपलीच साडी नेसावी. मुलगी कोणत्या घरातून आली हे त्या मांडवात एकदा तरी दिसायला हवं. वाटलं तर त्याच पैठणीचा पदर ‘सीधा पल्ला’ करून पुढे घ्या. साडी आपली, नेसणं त्यांचं.

विकत की भाड्याने?

एका रात्रीसाठी भरजरी पोशाख विकत घेणं प्रत्येकाला परवडेलच असं नाही आणि त्याची गरजही नाही. चांगल्या अवस्थेतले पोशाख आणि शेरवान्या भाड्याने मिळतात. भाड्याने घेताना आधी अंगावर घालून बघा, नाड्या-हुक तपासा, आधीच्या डागांचे फोटो काढून ठेवा आणि अनामत रक्कम परत कधी मिळणार ते लिहून घ्या.

विकतच घ्यायचा असेल तर आधी ओढणीवर खर्च करा. फोटोत आणि डोळ्यांत तीच भरते आणि नंतर साध्या ड्रेसवरही घेता येते. लेहंगा साधा, फक्त काठाला काम असलेला असला तरी चालतो. घरात जुनी जरीची साडी विरत चालली असेल तर तिचे काठ काढून नव्या लेहंग्याला लावा. आजीच्या साडीचा काठ नातीच्या लग्नातल्या पोशाखावर, याहून मोठं भूषण कुठल्या दुकानात मिळणार?

लग्नानंतर पोशाख धुतलेल्या मलमलीत किंवा सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. अत्तर थेट जरीवर मारू नका, ती काळी पडते. वर्षातून दोनदा घड्या बदला.

शेवटी तो क्षण

कैसरबागेत वाजिद अली शाहने बांधलेली सफेद बारादरी आहे. पुढे ती अवधच्या तालुकदारांच्या संस्थेकडे आली. त्यांतले कितीतरी राजपूत होते. आज तिथे लग्नं लागतात. नबाबाची वास्तू, ठाकुरांच्या बाराती आणि जरदोजी टाचणाऱ्या कारागिरांचे हात, हे सगळं लखनौमध्ये एकाच लग्नात भेटतं. त्यात तुमच्या घरची पैठणी आणि नथ सहज सामावेल.

बारातीच्या रात्री तुम्ही ओढणी सावरत दाराशी उभ्या असाल. डोक्यावरून ती सारखी घसरेल, सवय नसते ना. तेवढ्यात विहीणबाई पुढे येतील, न बोलता ओढणीचं टोक नीट खोचतील, केसांत एक पिन लावतील आणि म्हणतील, ‘अब ठीक है.’ त्या एका पिनेत अर्धं नातं जुळलेलं असतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्या हातात नऊवारी ठेवा आणि काष्टा कसा घालायचा ते शिकवायला बसा.